नाचणीच्या सत्त्वामागची हकीकत

रत्नागिरी

चि. सौ. मृणाल हिस,

दीड वर्षाच्या बाळासाठी एडिंबरा येथे पाठविलेल्या नाचणीच्या सत्त्वामागील कारणे पुढे दिली आहेत.

मुलांची लांब हाडे त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ व लवचिक ऊतीच्या, थरात वाढतात आणि त्या थरात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार साचल्यानंतरच टणक हाड तयार होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये एक ते तीन वर्षांच्या बालकासाठी रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात भात खाचरात पिकतो आणि नाचणी डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर; त्यामुळे पाहुण्याच्या पानात भाताला मान मिळाला, तर नाचणी गरिबाचे धान्य ठरली. हाडांच्या हिशेबाने ही प्रतवारी सरळसरळ उलटी आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात जेमतेम १०. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुलांच्या निकृष्ट शाकाहारी आहारातील तांदळाऐवजी नाचणी दिल्यावर शरीरात टिकून राहणारे कॅल्शियम वाढल्याचे आढळले. मांदेली ही बारीक मासळी काट्यासकट खाणाऱ्या घरांत भातातील कॅल्शियमची उणीव काहीशी भरून निघे. मासळी वर्ज्य आणि दूधही बेताचे अशा घरांना मात्र नाचणीचाच आधार होता.

तथापि नाचणीतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते व त्याचे शोषण कमी करते. धान्य भिजवून मोड आणल्यास ते घटते, आणि मोड आणण्याची सत्त्वाची जुनी रीत येथे उपयोगी पडते. त्याच रीतीतील वस्त्रगाळ करण्याचा सोस मात्र तोट्याचा आहे, कारण नाचणीचे बरेचसे कॅल्शियम कोंड्यात असते आणि ते चोथ्याबरोबर फेकले जाते. म्हणून पाठविलेले पीठ मोडाचे आहे, पण गाळलेले नाही.

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते त्वचेत उन्हाने तयार होते. पुण्यात गरीब वस्तीतील लहान मुलांना ड जीवनसत्त्वाच्या जोडीने कॅल्शियमयुक्त लाडू देऊन झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अधिक कॅल्शियम मिळालेल्या मुलांच्या हाडांतील खनिजांची वाढ अधिक झाली. स्कॉटलंडात ऑक्टोबर ते मार्च या काळातील ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी पुरत नाही. तेथील आरोग्यसेवा एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व देण्यास सांगते. सत्त्व दुधात शिजवून द्यावे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंबही चुकवू नयेत.

आत्याचे आशीर्वाद