मामांची दुसरी पाळी

माझा डिप्लोमा मामांमुळे झाला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा ते ॲनीलिंगचे जुने मिस्त्री होते; सगळा सेक्शन त्यांना मामाच म्हणे. मी संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं आणि माझ्या वाट्याची दुसरी पाळी त्यांनी आपल्याकडे घेतली. त्या वयात, भट्टीसमोर, घरी लग्नाची मुलगी असताना. ‘‘चार्जमनसाहेबांशी मी बोलतो, तू पळ,’’ एवढंच म्हणाले.

शिकवायची त्यांची रीत म्हणजे काडतुसांच्या उभ्या कापलेल्या केसेस बाकावर ओळीने मांडायच्या. पितळेची जाड वाटी, बुटकी नळी, मग लांब, आणखी लांब, शेवटी मान काढलेली पुरी केस. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. पंचाखाली हे पितळ जितकं ओढावं तितकं कडक होत जातं. तसंच रेटलं तर फाटतं. म्हणून मध्ये ते नरम करायला 600 अंशांच्या पुढची भट्टी, म्हणजेच ॲनीलिंग, मग तेजाबात धुणं, मग पुन्हा प्रेस.

पण मामांचा जीव होता तो शेवटच्या ज्योतीत. तिथे फक्त मान आणि खांदा तापवायचा, तोही काही सेकंद. मान नरम हवी, नाहीतर चिरते. बूड मात्र कडकच राहिलं पाहिजे. ते नरम पडलं तर बार होताना दाब पेलत नाही आणि गॅस थेट जवानाच्या तोंडावर. ‘‘बाळा, ऊष्मा खाली पळतो, त्याच्या आधी केस बाहेर,’’ असं म्हणत ते मला खांद्याखालचा निळसर-पिवळा पट्टा दाखवत. तो कुठे संपतो, यावर त्यांची नजर. सैन्याच्या पुष्कळ काडतुसांवर हा डाग मुद्दाम पुसत नाहीत, तो काम झाल्याचा पुरावाच असतो.

क्लासमध्ये वाचलेलं मी त्यांना येऊन सांगायचो. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात हिंदुस्थानात तबेल्यांत ठेवत आणि तिथे ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात साठलेला ताण, दोन्ही मिळून हे घडतं, असं 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं. मामांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. ‘‘म्हणजे घोडा काही आपल्या हातात नाही. ताण आहे,’’ म्हणाले, आणि मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात केस का बुडवतात ते मला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ताण उरला असेल तर तिथे ती काही मिनिटांत तडकते. पुस्तकातला माझा धडा त्या दिवशी मला नीट कळला.

त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पाकीट पुढे केलं. दुसऱ्या पाळ्यांचा हिशेब त्यात मावणार नव्हताच. मामांनी ते माझ्याच खिशात परत कोंबलं, जिलबीचं ताट हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘घरचा आहेस ना? मग वाढायला लाग.’’ शेवटची पंगत उठेपर्यंत मी वाढत होतो.