सरळ काठी

मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेला की आमच्या घरात आवराआवरीस प्रारंभ होतो. पापडांच्या डब्यांची झाकणे घट्ट बसतात, लोणच्याच्या बरण्यांवर दादरे चढतात, आणि मी सोप्याला लागून असलेल्या खेळाच्या खोलीत शिरून बिलियर्डच्या काठ्यांची पाहणी करू लागतो. ‘क्यू’ हा त्यांचा खरा शब्द. पण तो आमच्या घरात कधी रुळला नाही. माझ्या या उद्योगाला सारी मंडळी हसतात. एकदा रत्नागिरीकडील एक स्नेही ऐन आषाढात आमच्याकडे उतरले होते. माझी लगबग पाहून ते म्हणाले, “अहो, तुमच्या बेलापुरात पाऊस तो केवढा! आमच्याकडच्या दोन दिवसांत तुमचा सारा पावसाळा आटोपेल. येथे काठीला दमटपणाची कसली भीती?”

त्यांचे बोलणे चुकीचे होते असे मला म्हणवेना. नगर जिल्ह्याचा हा प्रदेश पर्जन्यछायेतला. पूर्वी मीही नेमका असाच विचार करीत असे, आणि त्या विचारापायीच अण्णांची काठी मी बिघडवून बसलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरीनिमित्त ते काही वर्षे पुण्यास होते, तेव्हा त्यांना या खेळाचा नाद लागला. पुण्यातच १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, ती वार्ता वाचून अण्णांनी कचेरीत पेढे वाटले होते म्हणे. त्याच सुमारास त्यांनी एक जुनी काठी विकत घेतली. अंगास अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचे फिकट लाकूड, मुठीस काळेभोर आबनूस, टोकाशी पितळेची टोपी आणि तीवर चामड्याची टिकली. बेलापुरास परतल्यावर खेळाचे मेज मिळणे दुरापास्त झाले. पण काठीची निगा चुकली नाही. ते ती माजघरातील आतल्या भिंतीपासून जरा दूर, बारीक टोकाशी दोरीचा फासा घालून, उभी टांगून ठेवीत. दर आठवड्यास कोरड्या फडक्याने पुसत. लहानपणी ओल्या हाताने मी तिला शिवलो म्हणून त्यांनी मला जे बोल लावले, त्यांचा मला पुष्कळ वर्षे राग होता. ज्या काठीने कोणी खेळत नाही तिचे एवढे कौतुक कशाला, असे मला वाटे.

अण्णा गेल्यानंतर मी हौसेने एक मेज आणले आणि पुढची खोली खेळासाठी मोकळी केली. काठीस मानाची जागा द्यावी म्हणून प्रवरेच्या अंगाच्या भिंतीशी, कोपऱ्यात, टेकवून ठेवली. भिंत जुनी, दगडमातीची. एक वैशाख गेला, एक श्रावण गेला. पुढे माझे फटके सारखे डावीकडे जाऊ लागले. मी दृष्टीस दोष दिला, चष्म्याचा नंबर बदलून आणला. शेवटी एके दिवशी धाकट्या मुलाने ती काठी मेजावर आडवी लोटून दिली आणि म्हणाला, “बाबा, ही लंगडतेय.” काठी गडगडत होती आणि तिचे टोक वरखाली होत होते. मध्यभागी तिच्याखालून प्रकाशाची फट दिसत होती.

लाकूड तोडले, तासले, रोगण लावले, तरी त्याची तहान संपत नाही, हे मला तेव्हा कळले. हवेत ओलावा वाढला की ते पाणी घेते. हवा सुकली की सोडते. हवेची आर्द्रता ३० टक्के असता लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते. ८० टक्के असता ते सुमारे १६ टक्क्यांवर जाते. या चढउताराने काठीची लांबी जवळजवळ बदलत नाही, पण रेषांच्या आडव्या अंगाने ती फुगते आणि आक्रसते. सर्व बाजूंनी सारखी फुगली तर फारसे बिघडत नाही. एक बाजू ओल्या भिंतीकडे, दुसरी खोलीकडे, आणि मध्ये स्वतःच्या भाराने आलेला झोल, अशी स्थिती असली म्हणजे ती वाकते. माझ्या रत्नागिरीकर स्नेह्यांना जे उमगले नव्हते ते हेच. पाऊस किती पडतो यापेक्षा हवा किती बदलते हे लाकडास अधिक जाणवते. माझ्या खोलीतील आर्द्रतामापकाचा काटा वैशाखातील दुपारी ३० च्या खाली असतो. श्रावणातील झडीत तो ८० ओलांडतो. बेलापूरचा कोरडेपणा हे संरक्षण नव्हे. तो संकटाचा अर्धा भाग आहे.

परंतु हे ज्ञान मला उशिरा झाले. त्यापूर्वी मी एक घोडचूक करून बसलो होतो. ओलीने वाकली तर उन्हाने सरळ होईल, या सरळ हिशेबाने मी आश्विनातील कडक उन्हात काठी गच्चीवर ठेवली आणि दोन्ही टोकांवर वरवंटे ठेवले. संध्याकाळी पाहतो तो बाक होता तसाच, आणि आबनुसाच्या मुठीस बोटभर लांबीची चीर! गावातील वृद्ध सुतारास ती दाखविली. तिच्यावरून अंगठा फिरवीत तो म्हणाला, “दादा, लाकूड पाणी हळूहळू पितं आणि हळूहळूच सोडतं. तुम्ही एका दुपारी पिळायला निघालात.” त्याने चीर भरून दिली, बाकास मात्र हात लावला नाही.

तेव्हापासून मी अण्णांच्या रीतीवर आलो. काठ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, उभ्या टांगलेल्या असतात. खेळ संपला की हाताचा घाम आणि खडूची भुकटी पुसून त्या खोळीत जातात. वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देतो. त्याने ओल थांबत नाही, तिची चाल मंदावते. झडीच्या दिवसांत खोलीच्या खिडक्या मिटलेल्या असतात, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी काठ्यांच्या पेटीत असते. एकच, कारण चार ठेवल्या तर पेटीत वैशाख अवतरतो. उन्हाळ्यात उलट, खोलीत पाण्याने भरलेले एक पसरट भांडे ठेवतो. काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहावा एवढीच माझी आकांक्षा. ती दर दिवशी पुरी होते असे नाही. पण काटा एकाएकी उडी मारीत नाही, हेही थोडे नव्हे.

हे सारे करताना मला आमच्या भोवतालच्या जमिनीची आठवण होते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहिले आणि या कोरड्या मुलखात ऊस डोलू लागला. पण जेथे पाणी दिले आणि त्याच्या निचऱ्याकडे पाहिले नाही, तेथे जमिनी चोपण झाल्या. पाणी नको असे कोणता शेतकरी म्हणेल? ते किती द्यावे आणि कसे वाहून जाऊ द्यावे, हे रोज पाहावे लागते, इतकेच. अण्णांना ते रोजचे पाहणे ठाऊक होते. मी मात्र काठीला मानाची जागा दिली आणि तिच्याकडे पाहणे सोडले.

पुढे ती काठी किंचित सुधारली, पण पूर्ण सरळ झाली नाही. मुले नव्या काठ्यांनी खेळतात. मी कधीमधी अण्णांचीच घेतो. तिचा बाक कोणत्या अंगास आहे हे ओळखण्यासाठी मुठीवर एक बारीक खूण केली आहे. ती वर धरली की फटका बहुधा ठीक बसतो. परवा धाकट्याने ती हाती घेतली, तेव्हा त्याचे हात नुकतेच धुतलेले, ओले होते. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की माझा मीच दचकलो. तो आवाज माझा नव्हता, अण्णांचा होता.