बीडपर्यंत रेल्वेने

नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली, तेव्हा मी शेतकी खात्यात नवाच होतो. गाडी आष्टीला आली २०२२च्या सप्टेंबरात, आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. माझी निवृत्ती जवळ आली!

त्याच ऑक्टोबरात मी नगरहून बसलो. खिडकीबाहेर अतिवृष्टीने पिवळी पडलेली कपाशी. शेजारी एक म्हातारबा होते. एका वळणावर बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हे आमचं रान. रुळात गेलं. वडिलांनी सही केली होती. गाडी काय त्यांना बघायला मिळाली नाही."

मी काय बोलणार? त्यांनी पिशवीतली भाकरी पुढे केली.

मला परळीला जायचे होते. रूळ अजून तिथवर नव्हते. बीडला उतरून एस.टी. धरली.