बोटभर माती

सप्टेंबरात साताऱ्याहून कासच्या पठारावर आलात तर पाऊल जपून टाका. खाली जांभ्याचा अखंड कातळ, वर जेमतेम बोटभर माती, आणि तेवढ्यावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा बहर. आता ओणवे व्हा. पाझरत्या ओलीत सीतेची आसवं दिसतील, निळीजांभळी, नखाएवढी. इथल्या मातीत नत्र फार थोडं. म्हणून या वनस्पतीनं ओलीच्या आत बारीक फुगे धरलेत. दारापाशी एखादा सूक्ष्म जीव चाटून गेला, की पापणी लवायच्या आत फुगा त्याला ओढून घेतो. जे मातीतून मिळेना, ते तिनं दुसऱ्या वाटेनं मिळवलं.

कातळावरच्या या पातळ थराशी ओणवं झालं की मला मेंदूत असंच पातळ पांघरूण घालणारी एक पेशी आठवते, ऑलिगोडेंड्रोसाइट. तिला नाजूक हात फुटतात आणि एकेक हात शेजारच्या मज्जातंतूभोवती मेदाळ वेढे घालत जातो. एकटी पेशी पन्नासेक ठिकाणी असं पांघरूण घालू शकते. हेच मायलिन. त्याच्या आधारानं संदेश उड्या घेत धावतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हे पांघरूण कुरतडते. पॅरिसच्या डॉक्टर शार्कोंनी १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच रुग्णांची स्मृती मंदावल्याचं त्यांच्या नजरेनं टिपलं होतं. तरी पुढं कितीतरी वर्षं वैद्यकाचं लक्ष पायांकडं आणि डोळ्यांकडंच राहिलं.

समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेला हा आजार आहे. फळ्याशी उभी असताना शब्द ओठांशी येऊन थांबतो. दोघं एकदम बोलले, की दोघांचंही निसटतं. घरचे म्हणतात, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" लक्ष तिथंच असतं. समजही शाबूत असते. आतला संदेश सावकाश पोचतो. एप्रिलच्या दुपारी तर अधिकच, कारण उघड्या पडलेल्या तंतूतलं वहन उष्म्यानं आणखी अडखळतं. हा आजार झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना स्मृतीचा, एकाग्रतेचा किंवा विचारांच्या वेगाचा असा काही ना काही त्रास होतो. चाल बिघडली तर चार लोक हात देतात. हे कुणाला दिसतच नाही, आणि म्हणूनच ते माणसाला जास्त एकटं पाडतं, असं मला वाटतं.

तिच्यापुढं मानसतज्ज्ञ बाई चार सुटे शब्द ठेवतात: हळद, छत्री, पूल, बैल. सुटे शब्द हाती राहत नाहीत. मग बाई म्हणतात, "डोळे मिटा. काय दिसतंय?" आयर्विन पुलावरून बैल चाललाय. शिंगं हळदीनं पिवळीधमक. पावसाची सर आलीय, आणि कुणीतरी आपली छत्री त्याच्याच डोक्यावर धरलीय. आता एक शब्द दुसऱ्याचं बोट धरून येतो. रंग, वास, पुलाखालून वाहणारी कृष्णा, सगळेच आठवणीला खांदा देतात.

न्यू जर्सीच्या केसलर फाउंडेशनमध्ये नॅन्सी चियारावलोटी आणि सहकाऱ्यांनी हीच रीत दहा बैठकांत बसवली. हा आजार असलेल्या ८६ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नवं शिकून ध्यानात ठेवणं सुधारलेलं दिसलं. गेलेलं मायलिन यानं परत येतं, असं कुणी म्हणत नाही. स्मृतीकडं जाणारी दुसरी वाट तेवढी रुळते.

आपल्याकडं मुंबईत १९८५ पासून या रुग्णांची संस्था आहे, २०१६ च्या कायद्यानं या आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत जागाही दिली. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात इंजेक्शनाइतक्याच सहज या बैठका मिळाव्यात, ही माझी मनापासूनची आस आहे. पहिल्या चार बैठका चित्रं पाहण्याच्या, पुढच्या चार स्वतः गोष्ट रचण्याच्या. उरलेल्या दोन रोजच्या जगण्यासाठी: वाण्याची यादी, गोळ्यांच्या वेळा, आणि आपल्या शिक्षिकेपुरतं म्हणाल तर जूनमध्ये वर्गात आलेल्या नव्या मुलांची नावं, प्रत्येक नावाला तिनं स्वतः दिलेलं एकेक चित्र.