लागलं की नाही, हे ठरवणार कोण?

बहुतेक लेझर टॅगमध्ये मारा करणारा लेझर नसतोच! १९८४ साली अमेरिकेत डॅलसला जॉर्ज कार्टर यांनी 'फोटॉन' नावाने हा खेळ सुरू केला. बंदुकीतून निघतं ते बहुधा साधं इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधलंच. मग घरी का करू नये?

बंदूक सोपी आहे. ९४० नॅनोमीटरचा एलईडी, पुढे भिंग, आणि सेकंदाला ३८,००० वेळा चालू-बंद. खरी गंमत रिसीव्हरची. नुसता फोटोडायोड लावला तर सूर्य, बल्ब, सगळेच तुम्हाला 'मारतात'. म्हणून टीएसओपी जातीचा रिसीव्हर घ्यायचा. तो ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडेच लक्ष देतो. पण ही लुकलुक सलग चालू राहिली तर तो तिला गोंगाट समजून कान बंद करतो! म्हणून गोळी तुकड्यातुकड्यांनी पाठवायची: तुकड्यात निदान १० ठोके, मध्ये मोकळी जागा.

दुकानात अजून सगळे १७३८ मागतात. कंपनीने तो केव्हाच बंद केलाय. ४८३८ घ्या. फक्त पाय बघून जोडा. समोरून, डावीकडून १७३८चे पाय ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ४८३८चे मात्र आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. जुन्या सवयीने जोडलात तर सप्लाय नको तिथे जाईल.

एवढा खटाटोप कशासाठी? वैरागला ताईकडे भाचरं चोर-पोलीस खेळतात. निम्मा खेळ "लागलं!" आणि "लागलंच न्हाई मामा!" यात जातो. धाकटी भाची तर लिंबूटिंबू, तिची गोळी कोणाला लागतच नाही. रिसीव्हरला वय कळत नाही, हे मला फार आवडतं.

प्रत्येक टोपीवर चार रिसीव्हर: पुढे, मागे, दोन्ही कानांवर. एकाला साधारण ९० अंश नीट दिसतं, चारांत फेरी पूर्ण. चारही आउटपुट सरळ एकत्र जोडून आर्डुइनोच्या एकाच पिनला. आउटपुट एरवी वर असतं, गोळी लागली की खाली येतं. त्यामुळे कोणीही एकाने खाली ओढलं की काम झालं. सप्लायच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. बॅटरी तीच असेल तर बंदूक चालताना होणारी खळबळ तिथेच अडते.

बाकी दोन गोष्टी. वैरागच्या मे महिन्यातल्या उन्हात पल्ला एकदम घटतो, तेव्हा खेळ दिवेलागणीनंतर. आणि चुना दिलेल्या भिंतीवरून गोळी परत फिरते. एलईडीचा करंट कमी करा, पुढे काळी नळी लावा.

हो, आणि गोळीत खेळाडूचा नंबर पाठवा, आर्डुइनोने तो तपासलाच पाहिजे. नाहीतर कोणीतरी टीव्हीचा रिमोट घेऊन मैदानात उतरेल. थोरल्या भाच्याचे डोळे आत्ताच चमकलेत!