दोन्हींवर २५०च लिहिलेलं असतं

पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ मुंबईत काढली. शस्त्रक्रिया चांगली झाली, नजर सुधारली. पण काही महिन्यांत अंगातली ताकदच गेली. हर्णै बंदरावरून मासळीची पिशवी आणतानाही दम लागायचा. रोजची दाढी चार दिवसांनी केली तरी चालू लागली. बायकोशी जवळीक नकोशी झाली. हे सांगायला मला फार जड गेलं.

अखेर दापोलीतल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला लावलं. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारचा आकडा फसवतो. डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमी समजतात. माझा दोन्ही वेळा बराच खाली होता. पुण्याच्या हार्मोनतज्ज्ञांनी आधी कॉर्टिसॉल आणि थायरॉइडच्या गोळ्यांचं प्रमाण बसवलं, प्रोस्टेटसाठी पीएसए पाहिलं आणि मग इंजेक्शन लिहून दिलं.

पहिलं होतं टेस्टोस्टेरॉन एनान्थेट, २५० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. पहिला आठवडा झकास जायचा. झोप कमी, उत्साह भरपूर, थोडा तापटपणाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळं खाली. घरी सगळ्यांवर चिडायचो. बायकोनेच कालनिर्णयवर खुणा करून ते पकडलं. "अहो, हे तुमच्या स्वभावाचं नाही, सुईचं आहे," असं ती म्हणाली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. डॉक्टरांनी मात्रा कमी करून अंतर दोन आठवड्यांवर आणलं. चढउतार कमी झाले.

मग ऐन पावसाळ्यात औषध संपलं. एका दुकानात एनान्थेट नव्हतं. "हेही २५०च आहे, एकच," म्हणून दुकानदाराने दुसरी अँप्युल पुढे केली. ते सस्टॅनॉन होतं. मी न घेता पुण्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थांबलात ते बरं केलंत. एनान्थेटमध्ये टेस्टोस्टेरॉनचं एकच रूप, म्हणजे एकच एस्टर असतो. सस्टॅनॉनमध्ये चार: प्रोपिओनेट ३०, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डिकॅनोएट १०० मिलिग्रॅम. बेरीज २५०च, पण एक भाग लवकर उतरतो, दुसरा सावकाश. शिवाय ते शेंगदाण्याच्या तेलात असतं, म्हणजे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला चालत नाही. माझं एनान्थेट एरंडेलात होतं. सस्टॅनॉन वाईट औषध नाही, अनेकांना ते नीट लागू पडतं. पण डॉक्टरांना न विचारता एकाच्या जागी दुसरं घेऊ नये. खोक्यावरच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं नाव वाचावं.

त्याच सुमारास रक्त दाट होऊ लागल्याचं कळलं. हिमॅटोक्रिट ५२ आलं. ५४ च्या वर गेलं की औषध थांबवतात. म्हणून डॉक्टरांनी तिसरा पर्याय काढला, टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएट. हे १००० मिलिग्रॅम, चार मिली एरंडेलात. पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे दहा ते चौदा आठवड्यांनी. पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी महाग, आणि कुठेही टोचून घेण्यासारखं नाही. कुल्ल्यात खोलवर, दोन मिनिटं लावून अगदी सावकाश द्यावं लागतं. क्वचित तेलाचे कण फुप्फुसात जाऊन खोकला येतो, दम लागतो. म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. मी बसतो. पहिल्या वेळी भीती वाटली होती, झालं काही नाही. जागा मात्र दोन दिवस दुखते.

आता तिसऱ्या आठवड्याची ती चिडचिड राहिली नाही. हिमॅटोक्रिटही उतरलं. थकवा पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

आमच्या ओळखीतला एक मुलगा जिममध्ये जातो. माझ्याकडे हे औषध असतं म्हणून त्याने चौकशी केली. मी त्याला समोर बसवून सांगितलं, बाहेरून हे घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्रजंतूही घटतात. मूल हवं असलेल्या माणसाने हे घेऊच नये. त्याचं लग्न तोंडावर होतं. तो गप्प झाला, पण ऐकलं त्याने.

दापोलीत अनडिकॅनोएट दुकानात तयार असेलच असं नाही. मी आधीच मागवून ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवत नाही, गारठ्याने तेल घट्ट होतं. पुढची तारीख मुसळधार पावसात येणार असेल, तर डॉक्टरांना विचारून दहा ते चौदा आठवड्यांच्या मर्यादेत ती पुढेमागे करून घेतो. रक्ताची तपासणी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी करतो, म्हणजे सर्वांत खालचा आकडा कळतो आणि अंतर त्यावरूनच ठरतं.