ओल

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि खडकवासल्याचाही बांध तोडून तो लोंढा पुण्यात शिरला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. नारायण पेठेतील आमच्या वाड्याचा मातीत रचलेला मागील भाग रात्रीपर्यंत उरला नव्हता. घडीव दगडाच्या जोत्यावरचा दर्शनी खण तेवढा बचावला. त्या दिवसांतील पुष्कळ काही आता पुसट झाले असले, तरी रोज स्नान आटोपून आजोबा त्या उरलेल्या भिंतीला पालथा हात लावून उभे राहत आणि "अजून ओल आहे" एवढेच म्हणून आत वळत, ते मला काल पाहिल्यासारखे आठवते. शेजारीपाजारी गिलावा उरकून, रंगसफेदी करून मोकळे झाले. आजोबांनी मात्र दिवाळी जाऊ दिली, संक्रांत जाऊ दिली, वैशाख पुरता तापू दिला आणि मगच गवंड्याला चुना भिजवावयास सांगितले.

पुढे महसूल खात्यात माझी हयात गेली. पुरानंतरचे पंचनामे मी कितीतरी केले. 'अंशतः पडझड', 'पूर्णतः पडझड' असे शेरे लिहिले. भिंत उभी असली की घर शाबूत, असे धरून मी पुढल्या दाराशी जात असे. तिच्या पोटातील पाण्याची नोंद माझ्या दप्तरात कोठेही नाही, याची खंत मला आज वाटते.

ती चूक ध्यानी आली चिपळूणला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी मावशीच्या घरात माझ्या खांद्याइतके चढले होते. मावशी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची, काका तिच्याहून वडील. त्यांनी एका मक्तेदाराला काम दिले. त्याने दोनतृतीयांश रक्कम उचल म्हणून घेतली, तीन खोल्यांचा गिलावा खरवडला, माजघरात छातीपर्यंत सिमेंट थापले आणि दुसरीकडे मोठे काम मिळताच तो निघून गेला. दिवाळीनंतर मी पोहोचलो, तेव्हा पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला होता, उघड्या जांभ्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुटला होता, आणि काकांच्या वहीत 'रोख दिले' अशा तीन नोंदी सुवाच्य अक्षरात होत्या. एकीखालीही घेणाऱ्याची सही नव्हती.

पूर एका रात्रीत ओसरतो, त्याला चार माणसे धावून येतात. अर्धवट दुरुस्ती मात्र म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी महिनोन्‌महिने बसून राहते, आणि तिच्याकडे फिरकायला कोणाला सवड नसते. मी राहिलो. तारीखवार हकीकत लिहून काकांची सही घेतली, ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची तयारी ठेवून मक्तेदाराचे घर गाठले, आणि चार खेपांनंतर काही रक्कम परत आणली.

गावातल्या एका जुन्या गवंड्याने थापीच्या दांड्याने माजघराची भिंत ठोकून पाहिली. "पोकळ बोलतंय," तो म्हणाला. जांभा सच्छिद्र, पोटभर पाणी प्यालेल्या त्या दगडावर सिमेंटचा घट्ट लेप बसला की बाष्प बाहेर पडत नाही, ओल वर चढते आणि क्षार गिलाव्याला सोडवतात. त्याने सिमेंट उतरवले, भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवला आणि सकाळी मला बोलावले. आतल्या बाजूस मोहरीएवढे थेंब दाटले होते.

"भिंत वाळायची वाट बघायला आम्ही तरी असू का रे?" मावशीने विचारले. याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. रोज सकाळी खिडक्या उघडणे, कपाटे भिंतीपासून दूर ठेवणे आणि दर पंधरवड्याला तो तुकडा पुन्हा चिकटवणे एवढे माझ्या हाती होते, ते मी केले. फाल्गुनात थेंब विरळ झाले. वैशाखात प्लास्टिक कोरडे निघाले, तेव्हा मावशीने स्वतः उठून भिंतीला पालथा हात लावला. तिला हे कोणी शिकवले होते, ते मी विचारले नाही.

मग चुन्याचा गिलावा झाला. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे दिले, आणि शेवटचा हप्ता गवंड्याच्याच संमतीने राखून ठेवून, एक जोरदार पाऊस भिंतीने कोरडेपणी सोसल्यावर जूनअखेरीस चुकता केला. काकांच्या वहीत त्या नोंदीखाली गवंड्याची सही आहे.